पिग्मी मशीनचं कव्हर

पिग्मी एजंटच्या हातातलं मशीन तुम्ही पाहिलं असेल. तळहातापेक्षा जरा लांब, वर छोटी स्क्रीन, खाली आकड्यांची बटणं आणि डोक्याशी कागदाचा रोल बसवायचं झाकण. दुकानदार गल्ल्यातून पन्नास-शंभर काढून देतो, एजंट आकडा दाबतो आणि पावती बाहेर येते. या मशीनच्या आतल्या सर्किटशी माझा काही संबंध नाही. त्याचं बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर सोलापुरात आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मोल्डिंग युनिटमध्ये तयार होतं आणि मी तिथे क्वालिटीला आहे. कव्हर पास की रिजेक्ट, हे मी ठरवते.

पिग्मीची कल्पना जुनी. 1928 मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, ती सुरू केली. रोज दोन आणे बाजूला टाकू शकणाऱ्या माणसाच्या दारात बँकेचा माणूस जाऊन पैसे गोळा करायचा. तीच पद्धत पुढे सहकारी बँका आणि पतसंस्थांनी उचलली. आपल्याकडे चाटी गल्लीतल्या कापड दुकानापासून भाजीच्या गाड्यापर्यंत पिग्मी भरणारी माणसं आहेत. पावतीपुस्तक जाऊन हातातलं मशीन आलं, एवढाच फरक. हे सांगण्याचं कारण असं, की हे मशीन टेबलावर ठेवायची वस्तू नाही. ते दिवसभर हातात असतं, स्कूटरच्या डिकीत असतं, पट्ट्याला अडकवलेलं असतं, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दारोदार हिंडतं. आणि ते पडतं. कमरेच्या उंचीवरून फरशीवर, डांबरावर, पायरीच्या कडेवर. मी कव्हर हातात घेते तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर असायला हवं असं मला वाटतं. तपासणीच्या कागदावर मात्र यातलं बहुतेक काही नसतं.

कागदावर काय असतं ते सांगते. कव्हरच्या पृष्ठभागांचे तीन वर्ग पाडलेले असतात. समोरची बाजू ए वर्ग, बाजूच्या भिंती बी, तळ आणि झाकणांखालचा भाग सी. ए वर्ग पाहायचा तर उजेड साधारण हजार लक्स हवा, कव्हर डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरायचं, तिरकं करत पाहायचं आणि ठरलेल्या काही सेकंदांत निर्णय द्यायचा. सेकंद ठरवून दिलेत ते बरंच आहे, कारण कोणताही पृष्ठभाग पुरेसा वेळ न्याहाळला तर त्यात काहीतरी सापडतंच. काळा ठिपका दिसला तर त्यावर एक पारदर्शक पट्टी ठेवायची. पट्टीवर वाढत्या आकाराचे ठिपके छापलेले असतात. आपला ठिपका कोणत्याशी जुळतो ते पाहायचं आणि त्या आकाराचे किती चालतात, एकमेकांपासून किती लांब असले तर चालतात, ते तक्त्यात बघायचं. रंगासाठी, चकाकीसाठी आणि ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी लिमिट सॅम्पल असतं. आमची आणि ग्राहकाची सही असलेला, काळ्या पिशवीत जपून ठेवलेला एक तुकडा. यापेक्षा वाईट ते रिजेक्ट.

मग येतो नमुना. एक हजाराचा लॉट असेल तर आयएस 2500 या भारतीय मानकाच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे त्यातले 80 नग उचलायचे. किरकोळ दोषांसाठी 4 टक्क्यांची पातळी ठरली असेल तर सात सदोष निघाले तरी लॉट पास, आठवा निघाला की नापास. मोठ्या दोषांसाठी 1 टक्का ठरला असेल तर दोनपर्यंत पास, तिसऱ्याला नापास. हे तक्ते लष्करी खरेदीतून आलेले आहेत. अमेरिकेच्या मिल-स्टँडर्ड-105 ची पहिली आवृत्ती 1950 ची, आणि जगभरचे आजचे तक्ते त्याच वंशातले. गणित चोख आहे, मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण कोणता दोष मोठा आणि कोणता किरकोळ, हे तक्ता सांगत नाही. ती यादी माणसं बनवतात, बहुतेक वेळा मीटिंगमध्ये, समोर एक नवंकोरं कव्हर ठेवून. नव्याकोऱ्या कव्हरवर जे डोळ्यांत भरतं ते यादीत वर जातं. माझं म्हणणं इथून सुरू होतं.

आमच्याकडे कव्हर एबीएसचं असतं. प्लास्टिकच्या दाण्याच्या पोत्यावर तीन अक्षरं आणि आत तीन गोष्टी. ॲक्रिलोनायट्राइल ताठपणा देतं, ब्युटाडाइन म्हणजे त्यातला रबर मार सोसतो, स्टायरीनमुळे चकाकी येते आणि माल साच्यात नीट वाहतो. दाणा 80 डिग्रीवर दोन ते चार तास वाळवायचा, बॅरलमध्ये 220 ते 250 डिग्रीला वितळवायचा, दाबाने साच्यात सोडायचा, थंड होऊ द्यायचा, साचा उघडायचा, पिनांनी तुकडा ढकलून बाहेर काढायचा. मिनिटाच्या आत कव्हरचा अर्धा भाग ऑपरेटरच्या हातात. इतक्या थोड्या वेळात जे जे चुकू शकतं त्या प्रत्येकाची खूण तुकड्यावर राहते. मला या कामाचं सगळ्यात जास्त आकर्षण याचंच आहे. तुकडा पाहून साच्याच्या आत काय घडलं ते सांगता येतं.

कडेला करपलेला तपकिरी डाग असेल तर तिथे हवा कोंडली होती. माल वेगाने आला, हवेला जायला वाट मिळाली नाही, ती दाबली जाऊन इतकी तापली की प्लास्टिक भाजलं. साच्यात हवा जाण्यासाठी व्हेंट असतात, मिलिमीटरचा तीन-चार शतांश भाग एवढ्या खोलीचे. त्यातून हवा जाते, माल जात नाही. ते व्हेंट मेणचट थराने बुजले की डाग दिसू लागतो. म्हणजे तो डाग साफसफाईचा निरोप असतो. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या दोन बाजू मिळतात त्या रेषेवर, कागदासारखा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, दिसला तर साच्याच्या दोन बाजू नीट मिळत नाहीत, किंवा दाब जास्त आहे, किंवा साचा झिजला आहे. तुकडा अर्धवट भरला असेल तर माल कमी पडला किंवा वाटेतच थिजला. यांचा उलगडा लवकर होतो आणि हे दोष कोणी पास करत नाही. यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

घोळ होतो तो दिसण्यात आणि टिकण्यात फरक असतो तिथे.

चंदेरी रेघांचं घ्या. पावसाळ्यात दाणा दमट होतो. मधेच वीज जाते, ड्रायर थंड पडतो, आणि वीज आल्यावर घाईने मशीन चालू केलं की तुकड्यावर गेटपासून, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून, फुटलेल्या चंदेरी रेघा दिसतात. ओल वाफ होऊन पृष्ठभागावर पसरल्याची ती खूण. एबीएसच्या कव्हरवर ओलीमुळे आलेली रेघ बहुतांशी दिसण्यापुरती असते, ताकदीला फारसा धक्का लागत नाही. पण त्याच मशीनची पारदर्शक खिडकी पॉलिकार्बोनेटची असते. पॉलिकार्बोनेट ओलसर असताना वितळवलं तर पाणी त्याच्या लांब साखळ्याच तोडतं. तिथे ती रेघ म्हणजे खिडकी पहिल्या आपटीत तडकणार याची सूचना असते. त्याहून वाईट, कधी कधी रेघ दिसतसुद्धा नाही आणि साखळ्या तुटलेल्या असतात. तपासणीच्या कागदावर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द, एकच वर्ग. मी ग्राहकाला कळवून खिडकीसाठी वेगळी ओळ घालून घेतली. त्याला बरेच महिने लागले.

आणि खड्डा. कव्हरच्या आतल्या बाजूला स्क्रू बसवायला उभा नळकांड्यासारखा बॉस असतो, ताठपणासाठी रिब, म्हणजे उभ्या पट्ट्या, असतात. जिथे हे भिंतीला मिळतात तिथे प्लास्टिक जाड होतं. जाड भाग उशिरा थंड होतो, थंड होताना आकसतो आणि वरच्या पातळ कातडीला आत ओढतो. समोरच्या बाजूला अगदी उथळ खळगा पडतो. नखाने लागत नाही, पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावर वाकडं होतं. डिझाइनमध्ये रिबची जाडी भिंतीच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत ठेवली तर हा खळगा सहसा पडत नाही. पण ड्रॉइंग करणाऱ्याने रिब भिंतीएवढीच जाड ठेवली असेल, आणि साचा एकदा कापून झाला असेल, तर रिब बारीक करायला साच्यात वेल्डिंग करून परत कोरावं लागतं. त्याला पैसे लागतात, दिवस लागतात. मग सगळे मशीनवरच्या माणसाकडे बघतात. "होल्डिंग वाढवा."

होल्डिंग वाढवलं की खळगा जातो हे खरं. माल थंड होत असताना मागून जास्त दाबून भरला की आकसायला जागा उरत नाही. पण तो जास्तीचा दाब तुकड्यात अडकून राहतो. गेटजवळचा भाग आतून ताणलेला असतो, बॉसच्या भोवती ताण साठतो, पुढे त्यात स्क्रू घट्ट पिळला की महिन्या-दोन महिन्यांनी बारीक तडा जातो. समोरचा न दुखणारा खळगा घालवण्यासाठी आपण आत एक न दिसणारा ताण विकत घेतलेला असतो, आणि कागदावर ते सुधारणा म्हणून नोंदलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. अशा वेळी मी खळगा असलेला तुकडा आणि खळगा घालवलेला तुकडा, दोन्हींचे बॉस पिळून तोडते आणि शेजारी शेजारी ठेवते. पिळाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचचा आकडा वहीत लिहिते. आकड्यांपुढे कोणी आवाज चढवत नाही.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात होते. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण त्या काळी आमच्या घरी हा विषय नव्हता, माल परत आला की पगारातून किती कापतात हा विषय होता. वडील टॉवेल पसरून आधी मधल्या भागाकडे बघायचेच नाहीत. दोन्ही हातांनी काठ पकडून सरसर ओढत न्यायचे. मधे एखादी गाठ किंवा वर आलेला फासा असला तर तो कात्रीने निघतो, टॉवेल वर्षानुवर्षं वापरात राहतो. काठाचा धागा सुटलेला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला टॉवेल उसवायला लागतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक मधलीच गाठ बघून टॉवेल परत ठेवतं. मी कव्हर हातात घेतल्यावर आधी कुठे बघते, हे बहुधा तिथूनच आलं असावं.

कागदाच्या रोलच्या झाकणाची गोष्ट आता सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ती त्याच्यामुळे.

ग्राहकाच्या सर्व्हिस विभागाकडून तुटलेली कव्हरं परत यायला लागली. वेगवेगळ्या लॉटची, पण बहुतेक एकाच जागी तुटलेली. रोलचं झाकण ज्या दोन छोट्या कानांवर फिरतं त्यातला उजवा कान मुळापासून उपटलेला. त्याच काळात आमच्याकडे नापास होणारे लॉट कशाने नापास होत होते ते मी पाहिलं. काळे ठिपके, समोरच्या बाजूवरची पुसट लाट, चकाकीतला फरक. कान तुटला म्हणून आमच्या तपासणीत एकही नग अडकलेला नव्हता, कारण कान तुटतो का हे आम्ही तपासतच नव्हतो. कागदावर ते नव्हतं.

मी त्या कव्हरचे तुकडे भिंगाखाली धरले. चांगलं एबीएस तुटण्याआधी पांढरं पडतं. वाकवलं की त्यातला रबर ताण घेतो, तिथे दुधासारखा पांढरेपणा येतो, मग ते फाटतं आणि फाटलेली कड खरखरीत असते. परत आलेल्या कानांची तुटलेली बाजू तशी नव्हती. एका बाजूला थोडा पांढरेपणा आणि उरलेली जागा गुळगुळीत, चकचकीत, जणू ती कधी जोडलेलीच नव्हती. आणि खरोखरच ती नीट जोडलेली नव्हती. त्या साच्यात गेट खालच्या बाजूला, बटणांच्या खाली. माल तिथून वर निघतो, स्क्रीनच्या चौकोनी भोकापाशी त्याचे दोन प्रवाह होतात, भोकाला वळसा घालून वरच्या टोकाला परत भेटतात. भेटतात तिथे वेल्ड लाइन तयार होते. गेटपासून सगळ्यात लांब, म्हणून तिथे पोचेपर्यंत दोन्ही प्रवाहांची टोकं थंडावलेली. आणि ती रेघ नेमकी उजव्या कानाच्या मुळातून जात होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. ड्रॉइंग करणाऱ्याला माल कुठे भेटेल हे दिसलं नाही, साचा करणाऱ्याने सोयीच्या जागी गेट दिलं, आणि पृष्ठभागावर ती रेघ केसाएवढी, ती पण झाकणाच्या सावलीत. सी वर्ग. पास.

आम्ही तापमान वाढवलं, वेग वाढवला, व्हेंट साफ केले. फरक पडला, पण पुरेसा नाही. माल जास्त तापवला तर रबर जळायला लागतो आणि तुकडा उलट ठिसूळ होतो, त्यामुळे त्या वाटेने फार पुढे जाता येत नाही.

मग मी एका पिग्मी एजंटबरोबर फेरीला गेले. आमच्या युनिटमधल्या एकाच्या ओळखीचे काका, टिळक चौकापासून मधल्या मारुतीपर्यंतची लाइन त्यांच्याकडे. त्यांचं मशीन डाव्या हातात. अंगठा नेमका पार्टिंग लाइनवर टेकलेला, आणि त्या जागेचा फ्लॅश त्यांनी कधीतरी ब्लेडने खरवडून काढलेला. मला ते पाहून वाईट वाटलं. आमच्या बेंचवर दोन सेकंदांत निघणारी कड माणसाला महिनाभर टोचत राहिली असणार. रोल संपला की ते भर उन्हात, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, दातात जुना कागद धरून नवा रोल घालत आणि तळहाताने झाकणावर थाप मारून ते बंद करत. हळुवारपणे दोन बोटांनी बंद करायची सोयच नव्हती, दुसऱ्या हातात पैसे असायचे. त्यांच्या झाकणाचा कान आधीच गेलेला होता. सायकलच्या ट्यूबची एक रिंग कापून त्यांनी ती मशीनच्या डोक्याभोवती चढवली होती. झाकण तिच्यावर टिकून होतं.

मी बरोबर एक रिजेक्ट कव्हर नेलं होतं, समोर काळा ठिपका असलेलं. पट्टीवर मोजला तर मर्यादेच्या बाहेर जाणारा ठिपका. काकांच्या हातात दिलं आणि विचारलं, यात काय वाईट आहे सांगा. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला, झाकण उघडून दोनदा थाप मारून बंद केलं.

"चांगलं हाय की, मॅडम. हे कशाला टाकलात? मला द्या की हे."

देता येत नव्हतं. दुसऱ्याच्या मालकीचं होतं ते. पण त्यांनी कव्हर कसं तपासलं ते मी विसरणार नाही. हातभर अंतर, हजार लक्स, काही नाही. अंगठा, थाप, झाकण. त्यांच्या लेखी ठिपका हा दोष नव्हता आणि टोचणारी कड हा होता.

म्हणून ठिपके चालवून घ्यावेत असं मी म्हणत नाही. ठिपका हा बऱ्याचदा बॅरलमध्ये जळून चिकटलेल्या मालाचा तुकडा असतो, आणि ते जास्त व्हायला लागले तर आत काहीतरी बिघडलं आहे. माणसाने कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू स्वच्छ असावी हेही मला पटतं. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. हाताला लागणारं आणि तुटणारं आधी, डोळ्याला दिसणारं नंतर. आमच्या यादीत तो बरोबर उलटा होता.

या उलट्या क्रमाची किंमत कोण भरतं तेही सांगायला हवं. आमच्या ट्रिमिंग बेंचवर बहुतेक बायका शहराच्या पूर्व भागातून येतात. काहींच्या आया विड्या वळायच्या, काहींच्या घरी अजून माग आहे. रनर, म्हणजे साच्यात माल येण्याच्या वाटेत थिजलेली काडी, तोडणं, गेटचा ठोंब कापून सपाट करणं, फ्लॅश काढणं, पुसणं, पिशवीत भरणं हे त्यांचं काम. लॉट नापास झाला की बोट पहिल्यांदा त्यांच्याकडे जातं, कारण कव्हरला शेवटचा हात त्यांचा लागलेला असतो. "नीट बघितलं नाही." पण जाड रिबचा खळगा त्यांनी आणलेला नसतो. झिजलेल्या साच्याचा फ्लॅश दर शॉटला जाड होत जातो आणि त्यांचं ब्लेड मात्र तेच. एकदा ट्रिमिंगच्या एका मावशींनी मला बोलावून विचारलं, "हे रोज त्याच कोपऱ्याला का यायलंय ओ मॅडम? आम्ही काढायचं बंद केलं तर त्यांना कळंल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. बेंचवर शांतपणे काढला जाणारा दोष साचे दुरुस्त करणाऱ्या टूलरूमला कधीच दिसत नाही. तेव्हापासून आम्ही दर पाळीला पहिले काही नग न कापता, न पुसता, साच्यातून पडले तसे, टूलरूमच्या खिडकीत ठेवतो. टूलरूमच्या अण्णांनी सुरुवातीला कुरकुर केली. पण चार-पाच दिवसांत त्यांनीच तो कोपरा घासून दुरुस्त केला.

स्क्रॅपबद्दलही दोन शब्द. रनर आणि रिजेक्ट नग ग्राइंडरमध्ये बारीक करून परत दाण्यात मिसळतात. आमच्या ड्रॉइंगवर वीस टक्क्यांपर्यंत परवानगी आहे आणि तेवढं ठीक आहे. पण प्रत्येक वेळी वितळताना एबीएसमधल्या रबराचा थोडा थोडा ऱ्हास होतो. मिश्रण वाढवलं तर कव्हर दिसायला तसंच, रंग किंचित पिवळट एवढाच, आणि आपटीत कमजोर. डोळ्यांनी तपासून हे कधीच पकडता येणार नाही. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असते, दाणा संपत आलेला असतो, आणि ग्राइंडरशेजारी पोती भरून पडलेली असतात. त्या दोन-तीन रात्री मी मिक्सिंगचं रजिस्टर स्वतः बघते आणि पाळीतले काही नग कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघते. हे करायला कोणी सांगितलेलं नाही. पण डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीसाठी माझ्याकडे याशिवाय दुसरा उपाय नाही.

रोलच्या झाकणाचं पुढे असं झालं. गेटची जागा बदलायची असं आम्ही सुचवलं. गेट वरच्या बाजूला, कानांच्या जवळ आणलं तर कान गरम, ताज्या मालाने भरतात आणि दोन प्रवाह खाली, स्क्रीन आणि बटणांच्या मधल्या पट्टीत भेटतात. तिथे काही ओढ नाही, थाप नाही, स्क्रू नाही. ताकदीच्या हिशेबाने रेघेला कव्हरमध्ये यापेक्षा निर्धोक जागा नाही. अडचण एकच. ती जागा ए वर्गात येते. रेघ आता नेमकी समोर दिसणार.

ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, लपलेली रेघ तुम्ही समोर आणताय. हे मी वर कसं दाखवू?" त्यांची अडचण खरी होती. त्यांच्या टेबलावर नवं कव्हर येणार, तुटलेलं कव्हर दुसऱ्या विभागात जातं. म्हणून मी त्यांना दोन्ही पाठवली. नव्या गेटचे ट्रायलचे नग, जुन्या गेटचे नग आणि सर्व्हिसमधून आलेले तुटलेले कान, प्रत्येकावर चिठ्ठी लावून. सोबत सायकलच्या ट्यूबची एक रिंग ठेवली आणि ती कशासाठी आहे ते लिहिलं. जुने आणि नवे नग त्यांनी स्वतः थाप मारून आणि पाडून बघावेत, एवढंच मागितलं.

मंजुरी आली ती अटीसह. रेघ चालेल, पण पुसट हवी, आणि लिमिट सॅम्पलवर दोघांची सही हवी. रेघ पुसट करायचा एक चांगला मार्ग म्हणजे पृष्ठभागावर जरा खरबरीत टेक्श्चर देणं, त्यात ती विरून जाते. बाजूच्या भिंतींवर खोल टेक्श्चर देता येत नाही. तिथे साच्याला उतार जेमतेम एक डिग्रीचा आहे, आणि टेक्श्चर जितकं खोल तितका उतार जास्त लागतो, नाहीतर तुकडा निघताना घासून ओरखडे पडतात. समोरचा भाग मात्र साचा उघडण्याच्या दिशेला सपाट आडवा असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. साच्याची तेवढीच बाजू टेक्श्चरला गेली आहे. ती परत आली की पहिल्या ट्रायलला काय क्रमाने तपासायचं तो कागद मी नव्याने लिहून दिला आणि दोन्हीकडून त्यावर सह्या झाल्या आहेत. त्यात पहिल्या ओळीला झाकणाची थाप आहे, दुसऱ्या ओळीला कोपऱ्यावरची आपटी, तिसऱ्या ओळीला कडेवरून अंगठा फिरवून बघणं. काळा ठिपका आठव्या ओळीला आहे.